हरकतीची पंधरा मिनिटं

इतिहास मंडळाच्या व्याख्यानाला लोक इतिहासासाठी येतात, असा ज्याचा समज असेल त्याने एकदा मागच्या रांगेत बसून पाहावं. निम्मे चहासाठी येतात, चार-पाच जण घरी बसवत नाही म्हणून येतात, आणि उरलेले सगळे शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी येतात. त्या पंधरा मिनिटांना मंडळात ‘हरकतीची वेळ’ म्हणतात. व्याख्यान संपलं की अध्यक्ष टेबलावरची घंटा वाजवून विचारतात, “कोणाची हरकत?” मग वक्त्याचं काही चुकलं असं ज्याला वाटतं त्याने उठायचं, छातीवरचा पितळी बिल्ला काढायचा, पुढच्या टेबलावर ठेवायचा आणि बोलायचं. बिल्ला ठेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हा नियम का केला ते आता कोणालाच आठवत नाही. रस्त्यावरून आलेल्या कोणीही उठून अक्कल पाजळू नये, म्हणून केला असावा. सभासदांनी पाजळलेली चालते.

आणि या बाबतीत अण्णांचा हात धरणारा सभासद मंडळात दुसरा नव्हता.

अण्णा म्हणजे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांच्या तराजूंत खोट काढण्यात गेला. निवृत्तीनंतर तराजू सुटले, खोट काढणं काही सुटलं नाही. बाजाराला आग लागली तेव्हा वारा पश्चिमेचा होता, असं एक वक्ता बोलून गेला आणि अण्णांचा बिल्ला टेबलावर खणकन वाजला. “धूर नदीकडे गेला असं तुम्हीच मघाशी म्हणालात. नदी पश्चिमेला आहे. मग वारा पश्चिमेचा कसा?” वक्त्याने रुमाल काढला. अर्थात अण्णांचं नेहमीच बरोबर असे असं मुळीच नाही. निम्म्याहून जास्त हरकती सपशेल चुकीच्या निघत. वक्ता पुरावा दाखवी, अण्णा चष्मा कपाळावर सरकवून तो बघत, “मान्य” म्हणत, बिल्ला उचलत आणि पुढच्या हरकतीसाठी तिथेच पुन्हा ठेवत. चुकल्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते गप्प बसावं लागल्याचं.

मंडळाचे कार्यक्रम ठरवायची त्यांची सून. तिचं पद ‘कार्यक्रम कार्यवाह’ असं भारदस्त होतं. प्रत्यक्षात खुर्च्या लावणं, माईक हातावर आपटून चालू करणं, चहाचं बघणं आणि वक्त्यांना फोन करकरून गळ घालणं, हे सगळं त्या पदात मोडत होतं. मंडळाचा हॉल अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. खाली आता सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी जवान ज्या खांबावरून सरकन खाली उतरत त्याचं भोक हॉलच्या मधोमध अजून होतं, त्यावर फळी ठोकलेली. फळीवर खुर्ची ठेवायची नाही हे नव्या माणसाला सांगणंही तिचंच काम. जुन्या गल्ल्यांची फेरी तिनेच सुरू केली. ‘घरातली जुनी वस्तू’ हे प्रदर्शनही तिचंच. त्यात अकरा जणांनी शिवणयंत्रं आणली आणि एकाने स्वतःच्या सासऱ्यांना आणलं. सभासद वाढवायचे म्हणून ती सायकलची हवा भरायला आलेल्या लोकांनाही जिन्यावरून वर हाका मारायची. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांचे बिल्ले गोळा करून घासूनपुसून परत वाटायचीही तीच. एवढं सगळं करणाऱ्या बाईला इतिहासाची केवढी ओढ, असं जो तो म्हणे.

ओढ वगैरे काही नव्हती. कोणतं घराणं कधी आलं आणि कोणी कोणाला हरवलं, हे ऐकताना तिला हमखास झोप यायची.

खरी गोष्ट अशी होती. सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि अण्णांनी घरात बोलणं टाकलं. रुसवा नाही, त्रागा नाही. ‘जेवायला चला’ म्हटलं की येत, ‘गोळी घेतली का’ विचारलं की मान हलवत. नवरा जात्याच अबोल. छापखान्यातल्या यंत्रांच्या धडधडाटात दिवस काढून आलेल्या माणसाला घरातली शांतता गोडच लागायची. सून मात्र बोलक्या घरातून आलेली. तिच्या माहेरी एका वेळी चार जण बोलत आणि ऐकत कोणीच नसे. या घरात तिला पंख्याची कुरकुर स्पष्ट ऐकू यायला लागली, तेव्हा ती घाबरली. माणूस असा गप्प होत होत एक दिवस संपून जातो, असं तिला वाटायला लागलं.

अण्णा मंडळाचे जुने सभासद, पण जाणं सुटलं होतं. एका शनिवारी तिने त्यांना बळेच तिथे नेलं. वक्त्याने जुन्या वजनांचा काहीतरी घोळ घातला आणि अण्णा ताडकन उभे राहिले. बिल्ला खिशातच होता. तो ठेवला आणि जे सुरू झाले ते घंटा वाजेपर्यंत. सुनेच्या डोळ्यांना धार लागली. शेजारी बेकरीवाल्या मावशी बसल्या होत्या. त्यांना वाटलं, व्याख्यानच मनाला लागलं हिच्या. त्यांनी ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर घातली आणि पुढच्याच आठवड्यात मंडळाने तिला कार्यवाह करून टाकलं.

तेव्हापासून घराला महिन्याचा एक ताल आला. विषय जाहीर झाला की अण्णा स्टूल ओढून स्वयंपाकघरात बसत आणि हरकतींची तालीम करत. “समजा, तू वक्ता आहेस,” ते म्हणत. ती भाजी चिरता चिरता वक्ता होई. “समजा, तू म्हणालीस की किल्ल्याला चार दरवाजे होते.” “बरं, म्हणाले.” “कशावरून?” मग ती काहीतरी ठोकून देई, अण्णा तिला उभी-आडवी घेत, आणि भाजी हमखास करपे. करपलेल्या भाजीबद्दल नवऱ्याने कधी तक्रार केली नाही. केली असती तरी तिने ऐकली नसती.

अशी छान घडी बसली होती. ती विस्कटली दंतवैद्यांच्या खुर्चीत.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि कार्यकारिणीतले सगळे त्यांचे पेशंट. ज्याच्या हातात आपला जबडा, त्याच्याविरुद्ध मत कोण देणार? सुनेची दाढ दुखायला लागली म्हणून ती गेली. डॉक्टरांनी आधी तिच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि मग विषय काढला.

“वहिनी, मागच्या महिन्यातले तिकिटसंग्राहक चहा न घेता गेले.”

“आँ.”

“त्याच्या आधीचे तर ‘पुन्हा बोलावू नका’ असं म्हणून गेले. जिन्यावरून. ओरडून.”

“आँ, आँ.”

“आता या वेळी विद्यापीठातून प्राध्यापिका येताहेत. आसपासच्या मंडळांचे पाहुणे असणार. अण्णांनी त्या दिवशी व्याख्यानावर एक जरी हरकत घेतली, तर मी त्यांचा बिल्ला परत घेणार. कार्यकारिणीचं तसं ठरलंय. तुम्हाला काही म्हणायचंय?”

तिला पुष्कळ म्हणायचं होतं. पण डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं.

घरी येताना अर्धं तोंड बधिर होतं आणि डोकं भणभणत होतं. बिल्ला गेला म्हणजे हरकत गेली. हरकत गेली म्हणजे स्टूलावरची तालीम गेली. मग राहिला तो पंखा. त्यापेक्षा एक शनिवार अण्णांनी मूग गिळले तर काय बिघडलं? तिने चपला काढल्या न काढल्या तोच विचारून टाकलं, नाहीतर तिचा धीर झाला नसता.

“अण्णा, या खेपेला व्याख्यानावर हरकत नका घेऊ.”

बधिर तोंडातून ते निम्मंच बाहेर पडलं, पण अण्णांना कळलं. “डॉक्टर म्हणाले?”

तिने मान डोलावली.

“बरं.”

“फक्त या खेपेला हं. पुढच्या महिन्यात—”

“बरं म्हटलं ना.”

ते इतक्या सहज कबूल होतील असं तिला वाटलं नव्हतं. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. स्टूल भिंतीशी होतं तिथेच राहिलं. अण्णा जेवायला येत, जेवत, ताट उचलून ठेवत आणि खोलीत जात. मधले दोन आठवडे एकही भाजी करपली नाही.

तिने आपल्या परीने करून पाहिलं. एकदा वाढताना मुद्दाम म्हणाली, “अण्णा, आपला नदीवरचा पूल आधी लाकडी होता म्हणे.” प्राध्यापिका त्याच पुलावर बोलणार होत्या. एरवी अशा वाक्यावर अण्णांनी हातातला घास खाली ठेवला असता. या खेपेला त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

“असेल,” ते म्हणाले.

ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. ‘असेल’ हा शब्द तिने अण्णांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. रात्री नवऱ्याला म्हणाली, “तुझ्या वडिलांना मी गप्प केलं.” नवरा म्हणाला, “ते गप्पच असतात गं.” तिला त्याचा इतका राग आला की तिने कूस बदलली. तिला कशाचा राग आला ते त्याला कळलं नाही, पण त्याने आपलं पांघरूण तिच्या अंगावर सारलं.

शनिवारी दुपारी हॉल खचाखच भरला. पाहुणे वेळेच्या आधीच आले होते, एक गृहस्थ नेमके फळीवर खुर्ची मांडून बसले होते आणि त्यांना उठवताना मावशींनी त्यांच्या वजनावर एक शेरा मारला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले, बिल्ला छातीवर लावला आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसले. हात मांडीवर. नजर हातांवर. डॉक्टर प्रसन्न चेहऱ्याने सगळ्यांना स्वतःचे दात दाखवत हिंडत होते.

प्राध्यापिका बाई ठेंगण्याठुसक्या, आवाज खणखणीत. पूल कोणी मागितला, कोणी अडवला, सात कमानींचा दगड कुठून आला, पहिल्या दिवशी पूल पार करायला लोक कसे घाबरत होते, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की सून चक्क जागी राहिली. मधूनमधून त्या थांबत आणि लोकांकडे रोखून बघत, आता कोणी उठतंय का म्हणून. टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी घंटा वाजवली.

“कोणाची हरकत?”

सगळा हॉल तिसऱ्या रांगेकडे वळला. अण्णा हलले नाहीत. मावशींनी मागून त्यांच्या पाठीत बोट खुपसलं. “बरं नाही का हो अण्णा?” तरी नाही. कोणीतरी खोकलं. पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं.

“काहीच नाही?” प्राध्यापिका बाईंचा चेहरा उतरला. “इतकं वाईट झालं का? अहो, तुमच्याकडे माणसं भांडतात असं ऐकून मी हे निमंत्रण घेतलं. बाकी सगळीकडे नुसत्या टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.”

“सगळं इतकं छान झालं की हरकतीला जागाच नाही,” डॉक्टर म्हणाले आणि घंटेकडे हात नेला.

सून माईकच्या वायरीपाशी उभी होती. तिथून तिला अण्णांची मान दिसत होती, कॉलरच्या वर, बारीक झालेली. ही मान सहा वर्षांपूर्वी अशीच वाकलेली होती. घंटा वाजली की हा माणूस उठेल, मुकाट्याने आपल्याबरोबर घरी येईल, आणि आपणच त्याला हे करायला लावलं, हे तिला सहन होईना. पुढे काय बोलायचं याचा काहीही विचार न करता ती ओरडली.

“माझी हरकत!”

डॉक्टरांचा हात हवेतच राहिला.

ती पुढे गेली. बोलायचं तर होतं, पण पुलाबद्दल तिला होती ती माहिती आत्ताच, याच बाईंकडून मिळाली होती. “पुलाच्या कमानी,” ती म्हणाली, “सात नाहीत. आठ आहेत.”

आता या हॉलच्या खिडकीतून पूल दिसतो. अख्खा दिसतो. सभासद आणि पाहुणे, सगळे एकदम खिडकीकडे वळले आणि बोटं हलवत मोजायला लागले. “सात,” एक जण म्हणाला. “सातच,” दुसरा म्हणाला. मावशींनी दोनदा मोजलं. सुनेचे कान तापले.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली.

“हरकत!”

अण्णांचा बिल्ला टेबलावर असा आदळला की घंटा आपोआप वाजली.

“अण्णा!” डॉक्टर म्हणाले. “काय ठरलं होतं आपलं?”

“व्याख्यानावर हरकत घ्यायची नाही असं ठरलं होतं. व्याख्यानावर मी बोललो का काही? माझी हरकत हिच्यावर आहे.” अण्णांनी सुनेकडे बोट केलं. “कमानी सात आहेत हे शेंबडं पोरही सांगेल, पण मुद्दा तो नाही. हिने हरकत घेतली ती कोणत्या अधिकारात? बिल्ला कुठाय हिचा?”

सुनेचा हात आपसूक पदराकडे गेला. तिथे बिल्ला नव्हता. नसणारच. सगळ्यांचे बिल्ले वर्षानुवर्षं घासणाऱ्या बाईने स्वतःसाठी बिल्ला कधी मागितलाच नव्हता, आणि ती सभासदच नाही हे मंडळातल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. इतिहासाची सगळी भानगड बोटावर मोजणाऱ्या या लोकांना समोर चहा देणारी बाई मोजता आली नव्हती.

“म्हणजे तुमचे सगळे कार्यक्रम ज्या करतात त्याच…” प्राध्यापिका बाईंनी सुरुवात केली आणि त्यांना हसू आवरेना.

डॉक्टरांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा झाला. पाहुण्यांसमोर मंडळाची पुरती शोभा झाली होती. “आत्ताच्या आत्ता सभासद करून घेऊ,” ते घाईघाईने म्हणाले. “सूचक कोण?”

“मी,” अण्णा म्हणाले.

“अनुमोदन माझं!” मावशी मागून ओरडल्या.

डॉक्टर थबकले. अण्णांचा बिल्ला त्यांनी हातात घेतला होता, आणि तो खिशात घालायचा त्यांचा विचार होता हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण सूचकाने नव्या सभासदाची वर्षभर जबाबदारी घ्यायची असते, आणि त्यासाठी आधी स्वतः सभासद असावं लागतं. अण्णांचा बिल्ला काढला तर सुनेचं सभासदत्व गेलं. सुनेचं सभासदत्व गेलं, तर पुढच्या महिन्यात खुर्च्या कोण लावणार? डॉक्टरांनी कोंडीतून सुटायची वाट शोधली, ती सापडली नाही, आणि त्यांनी बिल्ला अण्णांच्या हातात ठेवला. “वर्षभर जबाबदारी तुमची,” ते पुटपुटले. मग सुनेकडे वळून म्हणाले, “नव्या सभासदाने गावाशी आपलं नातं सांगायचं असतं. थोडक्यात सांगा, वहिनी.”

थोडक्यात सांगण्यासारखं तिच्याकडे एक वाक्य तयार होतं. नव्या सभासदांना जिन्यावर तीच ते शिकवत असे: ‘या मातीशी माझे ऋणानुबंध आहेत.’ तिने तोंड उघडलं आणि ते वाक्य काही येईना.

“माझं या गावाशी काही नातं नाही,” ती म्हणाली. “मी लग्न करून आले. आणि खरं सांगू का, मला इतिहासातलं काही कळत नाही. व्याख्यान सुरू झालं की मला झोप येते.” लोक हसले. “सासूबाई गेल्या तेव्हापासून अण्णा घरात बोलत नाहीत. बोलतात ते इथे, नाहीतर इथल्या हरकतींबद्दल. तुम्हाला त्यांचा त्रास होतो, मला माहितीय. मी इथे त्यांचा आवाज ऐकायला येते. त्यासाठी खुर्च्या लावते. दुसरं काही कारण नाही. हे चालत असेल तर सभासद करा.”

हसणं विरलं. मावशींनी नाक शिंकरलं. डॉक्टर घंटेशी चाळा करत राहिले. ती हे काय बोलून बसली ते तिला सगळं बोलून झाल्यावर कळलं. घरातली गोष्ट तिने चार मंडळांसमोर उघडी केली होती, आणि ज्याची गोष्ट तो माणूस हाताच्या अंतरावर उभा होता. अण्णांकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

“सर्वानुमते,” डॉक्टर म्हणाले आणि घंटा वाजवली.

चहाच्या वेळी प्राध्यापिका बाई कप घेऊन अण्णांना शोधत आल्या. “आता खाजगीत तरी सांगा हो. माझं काय काय चुकलं?”

“आज नको, बाई,” अण्णा म्हणाले. त्यांनी चहाही घेतला नाही.

सुनेने खुर्च्या रचल्या, कप विसळले, दार ओढून घेतलं. अण्णा खाली सायकलच्या दुकानापाशी उभे होते. दोघं निघाले. नेहमी या रस्त्याने येताना अण्णा कोणती हरकत टिकली आणि कोणती पडली त्याचा हिशेब मांडत. आज ते दोन पावलं पुढे चालत होते आणि बोलत नव्हते. होता तो आवाजही आपण घालवला, असं तिला वाटलं. घरी आल्यावर ते तडक खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

तिने स्वयंपाकाला सुरुवात केली. कांदा चिरायला घेतला ते बरंच झालं.

बऱ्याच वेळाने मागे फरशीवर खरखर झाली. अण्णांनी स्टूल ओढलं होतं. ते बसले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

“तू सभेत बोललीस त्यावर माझी हरकत आहे.”

“चुकलं माझं, अण्णा. लोकांसमोर नको होतं बोलायला.”

“लोकांचं सोड. तू म्हणालीस, ही गेल्यापासून मी घरात बोलत नाही. ते चूक आहे. मी बोलत होतो. तिच्याशी. तुम्हाला ऐकू येत नव्हतं इतकंच.”

सुनेने सुरी खाली ठेवली. तालमीत अण्णा विचारत तोच प्रश्न तिने त्यांना केला. “कशावरून?”

“कशावरून म्हणजे? आज सकाळी शर्ट कोणता घालू ते तिलाच विचारलं. हा निळा नको म्हणाली, त्यात मी बारीक दिसतो म्हणे. चाळीस वर्षं मला तिने निळा घालू दिला नाही.”

“पण तुम्ही निळाच घातलाय.”

“घातला. आता काय करणार ती?” अण्णा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. “तुला पुलाचं माहीत नाही ना? लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा फिरायला गेलो ते पुलावर. मी म्हटलं, ह्या सात कमानी. ती म्हणाली, आठ. मी म्हटलं, अगं सात. तर म्हणते, पाण्यात पडलेली सावली धरली तर चौदा होतात, मग तुमचा तरी सात हा आकडा कुठं बरोबर आहे? आता या बाईला काय सांगणार? निरीक्षक होतो मी! तरी मला ते पटवून देता येईना. घरी येईपर्यंत भांडलो आम्ही. मग दारात येऊन—”

पुढचं सांगायला ते स्टूलावरून उठून उभे राहिले, कारण सासूबाई दारात कशा उभ्या होत्या ते बसून दाखवता येत नव्हतं. आवाज चढला होता. सून ओट्याला टेकून ऐकत होती, मधूनच “छे, असं नसतील म्हणाल्या” म्हणत होती, आणि अण्णा “तू होतीस का तिथं?” म्हणून तिच्यावर घसरत होते. कढईखालचा गॅस तिने केव्हा पेटवला होता ते तिच्या ध्यानातच नव्हतं.

नवरा कामावरून आला तो जिन्यातच थांबला. घरातून हसण्याचा, तावातावाने बोलण्याचा आवाज येत होता. त्याने दार ढकललं आणि उंबऱ्यातच चपला काढत दबक्या आवाजात विचारलं, “कोण आलंय गं?”

“कोणी नाही,” ती आतून म्हणाली.

“तुझ्या आईचं चाललंय,” अण्णा म्हणाले. “ये, बस.”

नवरा खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता तिथेच फरशीवर बसला.